शिवणीतला दाब

मास्टरांनी अकरा वर्षं माझा शर्ट शिवायला नकार दिला. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात त्यांचं घर होतं. पुढं त्यांचं टेलरिंगचं दुकान, मागं ते आणि काकू, आणि माडीवर भाडेकरू म्हणून मी. सकाळी साडेआठला खाली त्यांची मशीन घरघरायला लागली की मी उठायचो. अख्खं कुडवा त्यांच्याकडं कपडे टाकायचं. मी कापड घेऊन खाली उतरलो की मात्र ते चष्म्यावरून आधी कापडाकडं बघत, मग माझ्या पोटाकडं, आणि कापड परत करत.

"बाबूसाहेब, तुहं पोट एका मापावर ठयरत नाही गा. म्या चालत्या मापाचं काम घेत नाही. पोट एका जागी आलं का सांग."

मी पाटबंधारे खात्यात कारकून. इटियाडोहच्या कालव्यांचे जुने कागद सांभाळणं हे माझं काम. मास्टर 'बाबूसाहेब' असं म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाचं इंग्रजांच्या काळापासूनचं काही तरी चुकलेलं आहे.

माप ही खाजगी गोष्ट असते अशी बाकीच्या टेलरांची समजूत असते. मास्टरांची नव्हती. ते टेप लावत आणि आकडा असा पुकारत की समोरच्या पानठेल्यावर ऐकू जावा. आत स्टुलावर बसलेल्या काकू तोच आकडा परत म्हणत आणि लांबट वहीत उतरवून घेत. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं, चाळीस वर्षं हीच पद्धत. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढं नंबर, खाली मापं. एकदा एक स्थानिक पुढारी जॅकेटचं माप द्यायला आले. बरोबर चार कार्यकर्ते. मास्टरांनी टेप गुंडाळली आणि पुकारलं, "कंबर चव्वेचाळीस! मागच्या निवडणुकीले छत्तीस होती!" काकूंनी आतून शांतपणे म्हटलं, "चव्वेचाळीस. मागच्या वेळेले छत्तीस." पुढारी हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

या माणसाचा जीव पुढं एका फाइलीवर अडकला, आणि ती फाइल मी जाळली होती. ज्या खात्यात तीन सह्यांशिवाय फाटका कागदही टोपलीत टाकता येत नाही, त्या खात्याच्या कारकुनानं काडी लावली होती. ते कसं झालं ते सांगतो.

मास्टरांच्या उजव्या ओठात टाचण्या असत आणि डाव्या गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून दोन्ही हातांनी घोटला की खर्रा होतो. आमच्या भागात पाहुण्याला आधी तो देतात, मग पाणी. टाचण्या टोचू नयेत म्हणून उजवी बाजू मोकळी आणि खर्रा पडू नये म्हणून डावी बाजू गच्च, अशी त्यांनी तोंडाची वाटणी केली होती. पुढं डाव्या गालात आतून फोड आला. नागपूरच्या डॉक्टरनं विचारलं, "तंबाखू खाता का?"

"नाही," मास्टर म्हणाले.

"कधीच नाही?"

"तंबाखू कायले खाईन गा म्या? घान सवय हाय ते. म्या खर्रा खातो."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तो नवीन होता, पश्चिम महाराष्ट्रातून आलेला. नंतर सवय झाली असेल.

गालाचं ऑपरेशन झालं आणि मग शेक सुरू झाला. रेडिएशनला आमच्याकडं शेक म्हणतात, जणू गुडघ्याला गरम विटेचा द्यायचा आहे. डोकं हलू नये म्हणून तोंडावर बसणारा जाळीचा मास्क करतात. गरम पाण्यात मऊ केलेली पांढरी जाळी चेहऱ्यावर दाबायची, ती वाळली की तुमचाच चेहरा तयार. मग रोज त्या चेहऱ्यात तुम्हाला अडकवून टेबलाला कड्या लावतात. मोठमोठे धीराचे गडी त्यात घाबरतात. मास्टर पहिल्या दिवशी बाहेर आले आणि त्यांनी निकाल दिला, "कपाळ बराबर हाय. हनुवटीखाली झोल हाय."

त्या मास्कमध्ये त्यांना बोलता येत नसे. ऐकू मात्र येई. मशीन लावणारे दोघं जण एकमेकांना आकडे सांगत: इतका बाय इतका, अँगल इतका, वेळ इतकी. एक बोलायचा, दुसरा लिहायचा. आता चाळीस वर्षं जो माणूस आकडे पुकारण्यावर जगला, त्याच्या कानावरून आकडे जातील आणि तो ते सोडून देईल, असं होणार नव्हतं. मास्टर बाहेर येत, व्हरांड्यातल्या बाकावर बसत आणि सुजलेल्या तोंडानं सगळे आकडे बोलून दाखवत. काकू पिशवीतून दुकानाची वही काढत आणि लिहून घेत. शेजारचे पेशंट बघत, असं काकूंनी मला फार पुढं सांगितलं. त्यांना वाटे, डोक्यालाही शेक लागला.

शेक संपला. डॉक्टरनं सांगितलं, आता गाठ दिसत नाही, फाइल जपून ठेवा. मास्टरांनी फाइल जपली ती पोळ्यापर्यंत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मारबत निघते. कामट्या, कागद आणि जुन्या लुगड्याची बाई करायची, तिला गल्लीगल्लीतून ओरडत फिरवायचं आणि शिवेबाहेर नेऊन जाळायचं. घरोघरचं दुखणं ती घेऊन जाते. आमच्या गल्लीच्या मारबतीचं पोलकं दर वर्षी मास्टर शिवत. फुकट, आणि तेही अस्तर लावून. कोणी म्हटलं की जाळायच्या बाईला अस्तर कशाला, की ते खवळत.

"सगळ्या गल्लीचा रोग घेऊन जाऊन राहिली ते. अन् तुमी तिले ढगळ कपड्यात पाठवता? लाज वाटू द्या थोडी."

त्या वर्षी त्यांनी पोलक्याच्या आत, पोटाच्या जागी, एक मोठा खिसा शिवला. त्यात फाइल घातली: सगळे रिपोर्ट, फिल्मा, नंबराचं कार्ड. मग मारबतीला चेहरा म्हणून स्वतःचा मास्क बसवला. पांढऱ्या जाळीतून मास्टरांचं नाक, मास्टरांचा जबडा, आणि खाली लुगडं. पोरींनी त्याला कुंकू लावलं. मी तेव्हा काही बोललो असतो तर? माझं कामच ते. पण मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो. "घेऊन जा गे मारबत!" शिवेबाहेर गेल्यावर मास्टरांनी काडीपेटी माझ्या हातात दिली.

"बाबूसाहेब, तुह्या हातून एक तरी फाइल निपटू दे."

मी काडी लावली. मास्क आधी मऊ झाला, मग एका बाजूनं ओघळला. वास घाणेरडा होता. मास्टर कंबरेवर हात ठेवून बघत उभे होते, आणि इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पाच वर्षांनी गाठ परत आली. त्याच बाजूला, जबड्याखाली. या वेळी नागपूरच्याच दुसऱ्या दवाखान्यात गेलो. पहिल्या ठिकाणचं जुनं मशीन तोवर मोडीत निघालं होतं आणि तो नवीन डॉक्टर कुठंतरी गेला होता. इथल्या डॉक्टर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं.

"गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहे. ऑपरेशन होणार नाही. पुन्हा शेक देता येईल, पण आधी किती दिला, कुठून दिला, किती जागेवर दिला, हे मला कागदावर दिसलं पाहिजे. अंदाजानं दिला तर माझ्याच हातून जीव जाईल. जुनी फाइल आणा. दोन आठवड्यांत आणा. गाठ थांबणार नाही."

"हारपली," मास्टर म्हणाले.

आयुष्यात ते एवढ्या एका शब्दावर कधी थांबले नसतील. मी खाली मान घालून बसलो होतो. बाहेर आल्यावर मी परत आत गेलो आणि बाईंना खरं ते सांगितलं. मारबत काय ते त्यांना ठाऊक होतं, त्या नागपूरच्याच होत्या. "तुम्ही कुठं काम करता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पहिल्या दवाखान्यात गेलो. तिथं रेकॉर्डच्या खिडकीत माझाच एक भाऊबंद बसला होता. म्हणजे नात्यातला नव्हे, जातकुळीचा. चष्मा, उशीवाली खुर्ची, मागं कपाटं. त्यानं विचारलं, "नंबर?" मी म्हटलं, नंबर नाही, नाव आहे, साल साधारण आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि जे मी आजवर कुडव्यापासून चिचगडपर्यंतच्या शेतकऱ्यांना सांगत आलो, तेच शब्द मला ऐकवले. "नंबराशिवाय कागद सापडत नसतो. नंबर घेऊन या." मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो नम्रपणेच बोलला, त्यामुळे भांडताही येईना.

इकडं घरी उपचारांची रीघ लागली. कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी गोमूत्राची बाटली, कोणी अंगारा, कोणी मोबाइलवर व्हिडिओ. व्हिडिओवाले सगळ्यांत चिवट होते, पूर्ण बघितल्याशिवाय उठू देत नसत. काकूंचे भाऊ तर मास्टरांना मोटरसायकलवर बसवून चिचगडच्या जंगलाकडं एका वैदूकडं घेऊन गेले. मीही मागं माझ्या गाडीवर गेलो. वैदूनं नाडी धरली, डोळे मिटले. मास्टर त्याच्या सदऱ्याकडं बघत होते. वैदू मुळी काढायला उठला तेव्हा मास्टरही उठले.

"चाल गा, जाऊ घरी," ते मेहुण्यांना म्हणाले.

"काऊन भाऊजी? औषध तं घ्या."

"त्याच्या बाहीले काखेत ओढ हाय. हात वर केला का सदरा कंबरीपर्यंत चढते. रोज अंगावर घालून ज्याले काखेतली चूक समजत नाही, त्याले माह्या गळ्यातली काय समजन?"

वैदूनं मुळी तरीही पुडीत बांधून दिली. मास्टरांनी ती खिशात टाकली आणि घरी येऊन टेबलाच्या खणात, बाकी सगळ्या रस-राखेच्या शेजारी ठेवली. खण भरत आला होता.

दहावा दिवस होता. मी दवाखान्यातून हात हलवत परत आलो. मास्टर कोणाच्या तरी पॅन्टला इस्त्री करत होते. मान एका बाजूला ओढल्यासारखी झाली होती, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. मी म्हटलं, "तो नंबर मागतो. नंबर कार्डावर, कार्ड फाइलमध्ये. आता काही इलाज नाही."

मला रडू येत होतं. मास्टरांनी इस्त्री उभी केली.

"कोनता नंबर? दवाखान्याचा? तो तं हाय."

त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुनी वही ओढली, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली आणि माझ्यापुढं धरली. आधीच्या पानावर कोणा बाईच्या पोलक्याचं माप. नंतरच्या पानावर शाळेच्या दोन गणवेशांचं. मधल्या पानावर काकूंच्या गोल अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव म्हणून मास्टरांचं नाव, त्यापुढं नंबर म्हणून दवाखान्याचा नंबर, आणि खाली तेहेतीस ओळी. डावा गाल, इतका बाय इतका. अँगल. वेळ. मध्येच एक ओळ, 'मशीन बंद. चहा पेला.' एकविसाव्या दिवसापासून आकडे लहान झालेले.

"हे आधी का नाही सांगितलं?" मी ओरडलो. मी मास्टरांवर आयुष्यात एकदाच ओरडलो.

"तिनं फाइल मांगली," मास्टर म्हणाले. "माप कोठी मांगलं?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, आणि मग खरंच रडायला लागल्या.

नंबर दिल्यावर माझ्या भाऊबंदानं अर्ध्या तासात नोंद काढून दिली. बाईंनी ती आणि दुकानाची वही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. मशीन बंद होतं तो दिवससुद्धा जुळला. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"म्या," काकू म्हणाल्या. "हे बोलले, म्या लिवलं."

मग बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि मास्टरांना समजावून सांगितलं. पहिल्या शेकानं त्या भागाला झेपेल तेवढं बहुतेक सगळं देऊन झालं होतं. कातडी, जबड्याचं हाड, मणक्यातली दोरी, रक्तवाहिनी, सगळ्यांना तो शेक अजून आठवतो. त्यावर पुन्हा द्यायचा म्हणजे जबडा सडू शकतो, गिळणं बंद होऊ शकतं, रक्तवाहिनी फुटू शकते. आणि एवढं सोसूनही गाठ जाईलच असं नाही. नाही दिला तर काही महिने.

मास्टर ऐकत होते. मग ते पुढं झुकले आणि त्यांनी डॉक्टरबाईंच्या ॲप्रनची कड धरली. मी हादरलो. त्यांनी कड उलटी केली आणि शिवणीच्या आतलं कापड बोटानं दाखवलं.

"याले दाब म्हंते, डॉक्टर. शिवताना आत जास्तीचं कापड दाबून ठेवते. पुढं ढिल्लं कराचं काम पडलं तं उसवून घेता येते. एक डाव उसवलं, वापरून टाकलं, का मंग आत काहीच रायत नाही. तसं हाय का माह्यं?"

बाईंनी त्या शिवणीवरून बोट फिरवलं. "तसंच आहे," त्या म्हणाल्या. "थोडा उरलाय. अगदी थोडा."

"बोटभर?"

"बोटभरही नाही."

"कोऱ्या कापडाचं काम कोनीबी करते," मास्टर म्हणाले. "दाब नसलेल्याले कारागीर पायजे. तुमाले येते का?"

"येतं," बाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदा हसल्या. पुढं त्या इतर पेशंटांनाही शिवण दाखवूनच समजावू लागल्या.

"आवाज राहीन का?"

"ते सांगता येत नाही."

नागपूरहून गोंदियाला येईपर्यंत गाडीत मास्टरांनी एकाही प्रवाशाच्या कपड्यांना नावं ठेवली नाहीत. समोर एक माणूस खांदे उतरलेला कोट घालून बसला होता, तरी नाही. मला खूप भीती वाटली. गोंदिया स्टेशनावर उतरताना ते एवढंच म्हणाले, "शेक देऊन टाकू दे तिले. नाहीतरी दाब ठेवून कायले?"

दुसऱ्या वेळचा मास्क त्यांनी तपासून घेतला. तिसऱ्या आठवड्यात वजन उतरलं तेव्हा त्यांनी मशीनवाल्या पोरीला खुणेनं सांगितलं की गालावर पाव इंच सुटला आहे. तिला वाटलं म्हातारा कुरकुरतोय. बाईंनी येऊन बघितलं तर खरंच सुटला होता. मास्क नवीन केला. चेहरा जागचा हलला तर शेक भलतीकडं जातो, आणि या वेळी भलतीकडं जायला जागाच नव्हती. मास्टरांनी त्या पोरीकडं असं बघितलं की बिचारीनं दुसऱ्या दिवशी नवा ड्रेस घालून यायचं टाळलं.

चौथ्या आठवड्यात आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग नुसती हवा. नाकातून नळी घातली. ते दोघं नागपुरात एका धर्मशाळेत राहत, मी दर शनिवारी तिथं जायचो. त्यांच्याकडं टेलरचा खडू होता, त्यानं ते काळ्या कापडाच्या तुकड्यावर लिहीत. भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं सांगितलं, देवावर सोडा. मास्टरांनी खडू उचलला. 'तुमी पॅन्ट कोनावर सोडली? खालून दोन इंच लांब हाय.' मला तेव्हा कळलं की माणूस अजून शाबूत आहे.

शेक संपला. गाठ गेली नाही, पण थांबली. आवाज परत आला तो अर्धा, फाटक्या भोंग्यासारखा. मास्टरांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. गिऱ्हाइकाचे आकडे आता ते बोटांवर दाखवत आणि काकू मोठ्यानं पुकारत. चाळीस वर्षं गप बसून लिहिणाऱ्या बाईचा आवाज मास्टरांपेक्षा खणखणीत निघाला. मास्टरांची चेष्टा निदान आकड्यापुरती असे. काकू आकड्यापुढं उगाच "अगं बाई" जोडत.

पोळा आला. मारबतीचं पोलकं झालं, अस्तरासकट, आत खिशासकट. मी खाली गेलो तेव्हा मास्टरांनी नवी फाइल माझ्या हातात दिली.

"तुह्या कपाटात ठेव," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तिथून तं काहीच बाहेर निघत नाही."

मग त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि मारबतीच्या पोटात एकेक वस्तू भरू लागले. पपईच्या रसाची बाटली, अंगाऱ्याच्या पुड्या, ताईत, गोमूत्राची बाटली, चिचगडची मुळी. व्हिडिओ तेवढे भरता येईनात. मारबत इतकी जड झाली की दोघांऐवजी चौघांनी उचलली. ज्यांनी ज्यांनी ते उपचार आणले होते ते सगळे तिच्यामागं ओरडत चालले होते, आपलीच पुडी आत आहे हे कोणालाही ठाऊक नव्हतं. काडी या वेळी मास्टरांनी स्वतः लावली. माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

दुसराही पोळा त्यांनी बघितला. त्यानंतर थंडीत एकदा त्यांनी मला खाली बोलावलं, उभं केलं आणि टेप काढली. मी म्हटलं, पोट अजून ठरलेलं नाही. त्यांनी हातानंच गप बसायला सांगितलं. छाती, कंबर, खांदा. ते बोटं दाखवत होते आणि काकू लिहीत होत्या. माझ्या वेळी काकूंनी पुकारलं नाही. प्रत्येक माप मास्टर दोनदा घेत होते. आठवड्यानं शर्ट मिळाला. फिकट निळा, अंगावर असा बसला की ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, लग्न ठरलं का. मी सांगायला खाली गेलो तर मास्टर झोपले होते.

तिसऱ्या पोळ्याच्या आधी ते गेले. गाठीनंच नेलं. बाई म्हणाल्या होत्या त्यातलं बरंच काही झालं आणि बरंच काही झालं नाही. दुसऱ्या शेकानं त्यांना अडीच वर्षं दिली. मला ती अडीच वर्षं हवी होती, काकूंना हवी होती, आणि मी फाइल जाळली होती तरी ती मिळाली, यासाठी मी त्या जुन्या वहीला अजून हात जोडतो. काकूंनी दुकान बंद केलं. पुढं माझी बदली झाली आणि मी कुडवा सोडलं.

मागच्या महिन्यात तो निळा शर्ट पोटावर तटतटायला लागला. टाकवेना, म्हणून रेल्वे फाटकाजवळच्या एका टेलरकडं घेऊन गेलो. ढिला होईल का, विचारलं. त्यानं शर्ट उलटा केला, बाजूची शिवण थोडी उसवली आणि थांबला.

"भाईसाब, ये किसने सिया? शर्ट में इतना कपड़ा अंदर कौन छोड़ता है?"

दोन्ही बाजूंना आत तीन-तीन बोटं दाब होता. त्यावर बॉलपेननं, काकूंच्या गोल अक्षरात, एकाखाली एक आकडे लिहिलेले होते. धुण्यानं पुसट झालेले, पण वाचता येत होते. चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. प्रत्येक आकड्यापाशी कुठपर्यंत उसवायचं ती रेघ. टेलरनं माझ्या कंबरेला टेप लावली. बेचाळीस भरली.

"और ये नीचे क्या लिखा है? मराठी में है."

मी शर्ट उजेडात धरला. चव्वेचाळीसच्या खाली एक ओळ होती. ते बोलले असणार, काकूंनी लिहिली असणार. 'याच्या पुढं गेला तं दुसरा टेलर पाह्य.'

मी बेचाळीसवरच होतो, आणि दुसऱ्या टेलरच्या दुकानात उभा होतो.